सासूबाई, पोरं आणि कणकुंबीचं जंगल

प्रश्न : ताई, दिवाळीत पुण्याहून नणंद आणि तिची दोन पोरं येणारेत. कणकुंबीकडं जंगलात एखादी सोपी वाट चालायची म्हणतोय, सासूबाई पण येतो म्हणतात (वय ६६, गुडघे बरे आहेत). मला जळवांची लई भीती वाटते, आणि गवा दिसला तर काय करायचं? – एक वाचक, वडगाव, बेळगाव

उत्तर : सासूबाईंना न्या की ओ, माझ्या अनुभवात म्हातारी माणसं बरोब्बर चालतात, दमतात ती मोबाईलवाली पोरं. कणकुंबी बेळगावपासून ४० किमीच्या आसपास, चोर्ल्याच्या रस्त्यावरच. सरकारी बसनं गेलात तर बायकांसाठीच्या शक्ती योजनेत तुम्हाला आणि सासूबाईंना फुकट, पण आधारवर कर्नाटकाचा पत्ता लागतोय, म्हणजे नणंदबाईंना तिकीट काढावं लागणार, तेवढं हसतहसत आधीच सांगून ठेवा.

आधी माउली मंदिराजवळ मलप्रभेचा उगम बघा. पोरांना सांगा, हे पाणी उलटं पूर्वेला जातं आणि कूडलसंगमला कृष्णेला मिळतं, आणि याच डोंगरांच्या पलीकडं उगवणारी म्हादई मात्र पणजीजवळ समुद्राला. मग गावातलंच कुणीतरी वाटाड्या म्हणून घ्या, आणि तो म्हणेल तेवढंच चाला. भीमगड अभयारण्य (२०११ पासून) तिथंच लागून आहे, आत जायचं तर वनखात्याची परवानगी पाहिजे, धबधब्यांवर पण पावसाळ्यात कधीकधी बंदी येते, म्हणून निघायच्या आधी विचारून घ्या.

आता जळवा. पाऊस थांबला की कमी होतात पण दिवाळीत ओल्या सावलीत, पालापाचोळ्यात असतातच, त्यांना आपला श्वास आणि अंगाची ऊब कळते. पॅन्ट सॉक्समध्ये खोचा, एका जागी उभं राहू नका. लागलीच तर नखानं तोंडाकडून हळू सरकवून काढा, मीठ किंवा पेटती काडी लावत बसू नका, जळू पोटातलं जखमेत ओकते. रक्त थोडा वेळ वाहतच राहतं कारण ती ते गोठू न देणारं द्रव्य सोडते, घाबरायचं काही नाही. मी पहिल्यांदा चावल्यावर अख्खं जंगल डोक्यावर घेतलं होतं, घरी आल्यावर बघितलं तर दुसऱ्या पायावर आणखी तीन, आणि त्या कळल्या पण नव्हत्या. जळवांपेक्षा मला गोचिडीची जास्त काळजी वाटते, डिसेंबर ते मे या काळात गोचीड चावून होणाऱ्या माकडतापाचा धोका असतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, लगेच कळवायचं. घरी आल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून कपडे बदला, पोरांच्या काखा आणि कानामागं बघा.

गवा दिसला तर ओरडायचं नाही, सेल्फी तर नाहीच, हळूहळू मागं सरका आणि त्याला वाट द्या. एकटा गवा असेल तर जास्तच लांब राहा.

आणि एक राहिलं, दोन वाजले की जिथं असाल तिथून वळा, काही बघायचं राहिलं असलं तरी. दरीत ऊन लवकर जातं, मोबाईलला रेंज मिळेल असं धरू नका. डबा खाऊन प्लास्टिक परत घरीच आणा, आणि चपातीबरोबर थोडी शेंगदाण्याची चटणी असू द्या, सासूबाई खूश होतील.