उपाशीपोटी साखर ११८ आणि एचबीएवनसी ८.४ : खरे कोणते मानावे?

परभणीहून आपण विचारले आहे की, बासष्ट वर्षांच्या वडिलांची उपाशीपोटी साखर ११८ आली असताना त्याच दिवशीच्या रक्तात एचबीएवनसी ८.४ कसे, आणि ही लॅबची चूक समजून गोळ्या आहेत तशाच चालू ठेवाव्यात का. मी लातूरचा निवृत्त शिक्षक, मधुमेह जडून सतरा वर्षे झाली. डॉक्टर नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. माझ्या मते दोन्ही आकडे खरे असण्याचीच शक्यता अधिक आहे. ११८ ही त्या एका सकाळची साखर आहे, तर ८.४ हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब आहे.

रक्तातील साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटते आणि ती पेशी जिवंत असेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, सुटत नाही. असे किती टक्के हिमोग्लोबिन साखरेने माखले आहे, तेच ही तपासणी मोजते. त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास आणि ८.४ म्हणजे १९४ च्या आसपास. सकाळी ११८ असणाऱ्या माणसाची सरासरी १९४ वर जाते, ती बहुधा जेवणानंतर चढणाऱ्या साखरेमुळे. आणि ती तर आपण मोजलेलीच दिसत नाही.

मीही पूर्वी तपासणीच्या आधी दोन दिवस भात आणि गूळ सोडून उपाशीपोटी साखर ११० च्या आत आणीत असे आणि वहीत मोठ्या अभिमानाने लिहीत असे. एका वर्षी हुरड्याच्या दिवसांत महिनाभर शेतावरच मुक्काम होता. कणसे आगटीत भाजून निघत होती, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. फेब्रुवारीत एचबीएवनसी ८.९ आले. डॉक्टरांनी माझी वही मिटून बाजूला ठेवली आणि एवढेच विचारले, "गुरुजी, जानेवारीत कुठं होतात?"

तरीही हा आकडा नेहमीच निर्दोष असतो असे नाही, आणि आपल्या भागात तर ही गोष्ट विसरून चालतच नाही. आमच्या सौभाग्यवतींच्या घरच्या ग्लुकोमीटरवरील सकाळच्या आणि जेवणानंतरच्या नोंदी कधी १४० च्या वर जात नव्हत्या, पण एचबीएवनसी ७.४ आले; शोध घेता हिमोग्लोबिन अवघे ७.९ निघाले. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयात हा आकडा खोटा वाढू शकतो. उलट नुकतेच रक्त चढवले असेल, बराच रक्तस्राव झाला असेल, किंवा सिकलसेल अथवा थॅलेसेमियासारखा तांबड्या पेशींचा जन्मजात विकार असेल, तर तो फसवा कमी येऊ शकतो. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारातही त्यावर डोळे झाकून विसंबता येत नाही. अशा वेळी डॉक्टर फ्रुक्टोसामाइन नावाची दुसरी रक्ततपासणी सांगतात, जी दोन-तीन आठवड्यांचीच साखर दाखवते. म्हणून वडिलांचे हिमोग्लोबिन अवश्य तपासून घ्यावे.

लॅबविषयी शंका राहिलीच, तर एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजण्याच्या, पद्धतीने मोजणाऱ्या लॅबमध्ये एकदा पुन्हा पाहावे आणि पुढे तीच लॅब ठेवावी. यासाठी उपाशी राहावे लागत नाही. औषध बदलले असेल किंवा साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी, एरवी वर्षातून दोनदा ही तपासणी पुरते. दर महिन्याला करून घेणे म्हणजे निव्वळ पैसे घालवणे.

गोळ्यांचे म्हणाल, तर त्या स्वतःच्या मनाने वाढवूही नयेत आणि "११८ आहे ना" म्हणून निर्धास्तही राहू नये. बहुतेकांसाठी ७ च्या आतले उद्दिष्ट ठेवतात, पण वय झालेल्या किंवा साखर एकाएकी उतरणाऱ्या माणसाला डॉक्टर थोडी सूट देतात. त्यांच्याकडे जाण्यापूर्वी आठवडाभर रोज एका जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजावी, शेजारी काय खाल्ले तेही लिहावे, आणि मधल्या एखाद्या दिवशी लग्नाची पंगत झाली असेल तर नेमकी ती नोंद गाळू नये.