‘नकुशी’ ठेवावं की बदलावं?

प्रश्न : चौथी मुलगी झाले म्हणून घरच्यांनी माझं नाव नकुशी ठेवलं. शाळेत पोरं ‘आम्हालाही नको’ म्हणत मला बाकावरून उठवायची. आता वय २९. मैत्रिणी म्हणतात, तेच नाव ताठ मानेनं मिरव. आई म्हणते, झालं गेलं विसर. बँकेत नाव पुकारलं की अजून पोटात गोळा येतो. काय करू?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : नाव बदलणं म्हणजे हार मानणं नव्हे. तुमच्याच जिल्ह्यात २०११ साली जिल्हा परिषदेनं २८५ ‘नकुशीं’ना एका समारंभात नवी नावं दिली.

टोचणारा शब्द आपलासा करता येतो, पण त्याला सोबत लागते. १९७२ साली दलित पँथरनं ‘दलित’ हा शब्द छातीठोकपणे लावला, तेव्हा शेकडो तरुण एका आवाजात बोलत होते. तुम्ही बँकेच्या रांगेत एकट्या असता. दोन आठवडे वहीत टिपून ठेवा : नाव कोणी घेतलं, कुठे, आणि तेव्हा अंगात काय झालं. इतरांच्या तोंडून ऐकताना दर वेळी आत आवळत असेल, तर मैत्रिणींच्या आग्रहाखातर ते मिरवू नका.

शाळेतल्या आठवणींसाठी लागोपाठ ४ दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, बाकावरच्या त्या प्रसंगाबद्दल लिहा. शुद्धलेखन बघू नका. लिहून झाल्यावर थोडा वेळ मन जड होतं, म्हणून झोपायच्या आधी नको. झोपच उडाली तर लिहिणं थांबवा आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला. जुना वर्गमित्र आजही चिडवत असेल तर एवढंच म्हणा, ‘या नावानं चिडवलेलं मला चालणार नाही.’ हसत म्हणालात तर तो थट्टाच समजेल, कारणं देत बसलात तर वाद घालेल.

बदलायचं ठरलं तर नवं नाव आधी महिनाभर घरात वापरून बघा. मग नावबदल राजपत्रात (सरकारी गॅझेटमध्ये) छापून येण्यासाठी राज्याच्या शासन मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करा. अक्षर न् अक्षर तपासा, पुढचे सगळे कागद त्यावरूनच होतात. त्यानंतर आधार, पॅन, बँक. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे घाई नको. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आपोआप बदलत नाही. तिला राजपत्राची प्रत जोडत जा.

आईला लगेच जाब विचारू नका. अशी नावं बहुतेकदा घरातली थोरली माणसं ठरवतात, बाळंतिणीला कोण विचारतं? नव्या नावानं पहिली हाक मात्र तिलाच मारायला सांगा.