रात्री दहानंतरच्या ऑर्डरी

"मॅडम, फोन बंद ठेवला तर धंदाच बसंल की ओ!" फोनची सवय सोडवायला माझ्याकडे येणारे टॉवेलवाले, साडीवाले, क्लासवाले, सगळे मला हेच ऐकवतात. म्हणून जुळे सोलापुरातल्या एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.

कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरगुती धंदा, ऑर्डरी व्हॉट्सॲपवर. झोप उडालेली, नवऱ्याशी रोज कुरबुर. पहिल्या भेटीतल्या पाऊण तासात त्यांनी 19 वेळा फोन उचलून बघितला. मी अडवलं नाही. फोन हिसकावून सवय सुटत नाही, त्या सवयीला खाऊ कुठून मिळतो ते शोधावं लागतं, या मताची मी आहे.

"रात्री दहानंतर येणारी ऑर्डर तेवढी वहीत लिहा," म्हटलं.

पंधरा दिवसांनी वही आली. पिठाची बोटं उमटलेलं पान, त्यावर एकच ओळ: 40 भाकरी, धाकटे दीर.

"मग एक वाजेपर्यंत बघता काय?"

पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "स्टेटस."

"कोणाचं?"

"माझंच. जाऊबाईंनी बघितलं का ते."

मी गप्प राहिले. (हे जमायला मला बरीच वर्षं लागली.) मग त्याच बोलल्या. वाटणी झाल्यापासून जाऊबाई बोलत नाहीत. स्टेटस मात्र बघतात. कधी बघतात, कधी नाही.

त्या 'कधी कधी'तच सगळी मेख. दाणा कधी पडेल याचा भरवसा नसला की मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगातली कबुतरं चोच मारतच राहायची. ताईंचा अंगठा तेच करत होता.

व्हॉट्सॲपमध्ये रीड रिसीट (वाचल्याच्या निळ्या खुणा) बंद केल्या की आपलं स्टेटस कोणी पाहिलं हे दिसत नाही. आधी ते केलं. रात्री ग्राहकाला 'सकाळी 7 ला कळवते' असा आपोआप निरोप जाईल, अशी सोय लावली. चार्जर उशाजवळून उचलून भाकरीच्या डब्याशेजारी नेला. गजराला साधं घड्याळ घ्याच. 'गजरासाठी लागतो' ही सगळ्यांची आवडती पळवाट आहे. शिवाय सिद्धेश्वर तलावाकडे संध्याकाळची फेरी, मोकळ्या हातानं. सुरुवातीला हात शिवशिवतो, चिडचिड होते. होऊ द्यावी.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत ताई डबा घेऊन जाऊबाईंच्या दारात गेल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"चटणीत मीठ जास्त पडलंय, म्हणाल्या."