शोकसभा एक, प्रार्थना कोणाची?

प्रश्न : मिरजेतील आमच्या भागात हिंदू, मुस्लिम, जैन, लिंगायत, बौद्ध आणि ख्रिस्ती अशी सगळीच घरे आहेत. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत कोरोनाने त्यांतील अनेक माणसे नेली. त्या सर्वांसाठी एकत्र शोकसभा घ्यावी, असे आम्हा काही जणांना वाटते. मात्र प्रार्थना कोणती म्हणायची आणि फोटोंना हार घालायचे की नाही, यावरून पहिल्याच बैठकीत वाद झाला. ‘इतक्या वर्षांनी हे कशाला उकरून काढता?’ असे म्हणून वडीलधाऱ्यांनी विषय मिटवला. आम्ही काय करावे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वडीलधाऱ्यांची शंका आधी घेऊ. एरवी घरात मृत्यू झाला की रक्षाविसर्जनाला भावकी जमते, जनाज्याला मोहल्ला खांदा देतो, आठ-पंधरा दिवस माणसांची ये-जा सुरू राहते आणि तेच तेच पुन्हा सांगताना घरच्यांचे मन थोडे हलके होते. मार्च 2020 च्या टाळेबंदीच्या आदेशाने अंत्ययात्रेला 20 माणसांची मर्यादा घातली आणि रुग्णालयात दगावलेल्यांच्या वाट्याला तेवढीही माणसे आली नाहीत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या सूचनांनी, पिशवीची चेन चेहऱ्यापुरती उघडून अंत्यदर्शन घेण्यास, पार्थिवाला स्पर्श न करता धर्मग्रंथाचे वाचन करण्यास आणि पवित्र जल शिंपडण्यास मुभा दिली होती, तसेच रक्षेपासून कोणताही धोका नाही असेही स्पष्ट केले होते. भीतीपोटी आणि घाईगर्दीत कित्येक ठिकाणी यातले काहीच घडले नाही, हे आज वाचताना हळहळ वाटते. ज्या घरांचा दुखवटा तेव्हा झालाच नाही, त्यांच्या बाबतीत ‘उकरून काढणे’ हा शब्द मला लागू वाटत नाही. मात्र ज्यांना यायचे नसेल त्यांना आग्रह करू नये.

आता प्रार्थनेविषयी. सर्वांना चालेल अशी एकच प्रार्थना रचण्याच्या फंदात पडू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हिंदू घर उत्तरकार्य करते ते मृताला गती मिळावी म्हणून; मुस्लिम घर मगफिरतीची, म्हणजे मृताला क्षमा मिळावी अशी दुआ मागते; जैन दृष्टीने जीव आपल्या कर्मानुसार केव्हाच पुढच्या जन्माला गेलेला असतो; लिंगायतांच्या मते गेलेला माणूस लिंगैक्य, म्हणजे शिवाशी एकरूप झालेला असतो; बौद्ध कुटुंबे त्रिशरण-पंचशील घेऊन पुण्यानुमोदन करतात, म्हणजे आपले पुण्य मृताला अर्पण करतात, आणि ख्रिस्ती माणूस पुनरुत्थानाच्या आशेवर निरोप देतो. या सर्वांना पुरेल इतकी मोघम प्रार्थना केली, तर ती कोणाचीच राहत नाही. म्हणून प्रत्येक समाजाने आपल्या शब्दांत दोन-तीन मिनिटे प्रार्थना करावी आणि त्या वेळी इतरांनी नुसते शांत उभे राहावे. ती म्हणण्याची सक्ती कोणावरही नको. 14 मे 2020 रोजी पोप फ्रान्सिस आणि कैरोतील अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांच्या पाठिंब्याने जगभर प्रार्थना दिवस पाळला गेला, तेव्हाही आवाहन आपापल्या धर्माप्रमाणे प्रार्थना करण्याचेच होते. आणि इतके लांब तरी कशाला जायचे? आपल्याच जिल्ह्यात कडेगावच्या मोहरमात करबलाच्या शोकाचे गगनचुंबी ताबूत निघतात, त्यांत हिंदू घराण्यांचाही मान असतो, आणि त्यासाठी कोणाला आपला धर्म बाजूला ठेवावा लागत नाही.

फोटो ठेवू नयेत, असे मी सुचवेन. काही मुस्लिम कुटुंबांना ते रुचणार नाही, कोणाकडे चांगला फोटोच नसेल, आणि हाराचा वादही आपोआप मिटेल. नावे वाचावीत. ती घरच्यांना विचारूनच घ्यावीत आणि धर्मवार गट न पाडता अकारविल्हे लावावीत, म्हणजे एकाच आडनावाची पण वेगळ्या धर्मांची माणसे, जी आपल्या भागात भरपूर आहेत, शेजारी शेजारी येतील. आईला ज्या नावाने हाक मारत असत ते नाव मुलीला सांगायचे असेल, तर तेही लिहून घ्यावे. जागा मंदिराची किंवा मशिदीची न घेता शाळेच्या मैदानाची घ्यावी. वेळ असरच्या, म्हणजे दुपार कलल्यानंतरच्या नमाजेनंतरची ठेवून मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजेच्या बऱ्याच आधी सभा संपवावी, म्हणजे सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या जैन मंडळींचीही अडचण होणार नाही. रमजान आणि पितृपक्ष टाळून तारीख धरावी. व्यासपीठ नको, ते उभारले की पुढाऱ्यांच्या खुर्च्या येतात आणि मग भाषणे आवरत नाहीत. स्मशानात आणि कब्रस्तानात तेव्हा राबलेल्या कामगारांना घरच्यांबरोबर पहिल्या रांगेत बसवावे. शाल-श्रीफळ मात्र देऊ नये; ती सत्काराची सभा नव्हे.

प्रश्न : माझे वडील एप्रिल 2021 मध्ये घरीच गेले. तपासणी झाली नव्हती, त्यामुळे कागदोपत्री कोरोनाची नोंद नाही. आमच्या गावच्या शोकसभेत त्यांचे नाव घेऊ नये, असे काही नातेवाईक म्हणतात.
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : नोंदीचा प्रश्न 50,000 रुपयांच्या सानुग्रह साहाय्यापुरता होता, तेथे पुरावा मागणे समजण्यासारखे आहे. शोकसभेच्या यादीला दाखला जोडावा लागत नाही. त्या काळात हृदयविकाराने किंवा वार्धक्याने गेलेल्यांनाही खांदा द्यायला माणसे जमू शकली नव्हती. नाव द्या आणि आयोजकांनी हरकत घेतली, तर ‘महामारीच्या काळात निधन पावलेले’ असे शीर्षक यादीला देण्याची विनंती करा.