सगळ्यांनी डोक्यावर घेतलेला गेम मला कंटाळवाणा वाटतो. माझ्यातच पेशन्स कमी आहे का?

नाही. तुमच्या प्रश्नात ‘पेशन्स’ हा शब्द वाचला आणि लिहिल्याशिवाय राहवेना, कारण हेच मी चुलतभावाकडून वर्षानुवर्षं ऐकतोय.

माझ्या बाबतीत तो गेम म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन २, जुन्या अमेरिकेतल्या काउबॉय टोळीचा व्हिडिओ गेम. २६ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा दहापैकी दहा देणाऱ्यांची रांग लागली होती. फोंड्याच्या या चुलतदादाने संपवला आणि दोन्ही डिस्क माझ्या हातात ठेवून म्हणाला, “यानंतर दुसरं काही खेळावंसंच वाटणार नाही तुला.” चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत डिचोलीच्या घरी आरत्या आटोपल्या की मी रात्री बसायचो. पहिला अध्याय सगळा बर्फात. पुढे कॅम्पात धावता येत नाही, खण एकेक करून उघडायचे, घोड्याला खाऊ घालायचं. हे सगळं मला चाललं. पण मिशन, म्हणजे गेमने नेमून दिलेली कामगिरी, सुरू झालं की हातच बांधले जायचे. समोर एवढं मोकळं रान, आणि शत्रूला मागून गाठायला मी जरा बाजूने वळलो की मिशन फेल! कुठून जायचं, कधी घोड्यावर चढायचं, सगळं आधीच ठरलेलं. मग मी खेळतोय कशाला? चौथ्या अध्यायात सोडून दिला.

दादाने माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) बसून, सगळ्या घरासमोर सांगितलं, “तुझ्यात पेशन्सच नाही.” अरे, मी सारमानसच्या फेरीधक्क्यावर गरी टाकून चोणक माशासाठी तीन-तीन तास बसतो! त्या गेममध्येही मला सगळ्यात आवडलं ते मासे पकडणं. म्हणजे अडचण संथपणाची नव्हतीच.

तुम्ही गेमचं नाव लिहिलेलं नाही. पण चार-पाच तास मनापासून देऊनही पुढे खेळावंसं वाटत नसेल तर बंद करा. “पुढे चांगला होतो” म्हणणाऱ्याला विचारा, तुला नेमकं काय आवडलं? दादाला विचारलं तर त्याने गेमच्या नायकाची, आर्थर मॉर्गनची, अख्खी गोष्ट सांगितली. खेळताना त्याने स्वतः काय केलं, ते एकदाही नाही.

एक मान्य करतो, शेवट मी पाहिलेला नाही. त्यातलं आभाळ आणि घोडे यांना तोड नाही. सहावा अध्याय सर्वांत चांगला म्हणतात, असेलही. पण तिथवर पोचायला तीसेक तास तरी लागतात, आणि तेवढे तास दुसऱ्याच्या शब्दावर मी देणार नाही.

यंदा चवथीला दादा आला की पहाटे त्याला धक्क्यावर घेऊन जाणार आहे. गरी मी देईन.