एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या पोलादाच्या) पत्र्यावर काळा पॅटिना एकसारखा का बसत नाही? त्याआधी पत्रा कसा तयार करावा?

दिवाणखान्यातील पॅनेलसाठी आपण एमएस पत्रा ग्राइंडरने चकचकीत केला, थिनरने पुसून त्यावर थंड पद्धतीचे काळे करणारे द्रावण लावले, तरी रंग कुठे गडद, कुठे तपकिरी आला आणि काही ठिकाणी बसलाच नाही, असे आपण लिहिले आहे. मी धातूच्या फिनिशिंगचे काम करतो आणि या वर्णनावरून दोष द्रावणाचा नसून तयारीचा आहे, असे मला वाटते. पॅटिना रंगासारखा खालचे काही झाकत नाही. तो पोलादावरच रासायनिक क्रियेने तयार होणारा अतिशय पातळ थर असल्यामुळे खालचा ओरखडा, स्केल (पोलादावरचा ऑक्साइडचा कडक थर) आणि बोटाचा ठसा हे सगळे त्यातून दिसते.

आधी पत्रा एचआर (गरम लाटलेला) आहे की सीआर (थंड लाटलेला), ते पाहावे. एचआर पत्र्यावर गरम लाटणीच्या वेळी बसलेली करडी-निळसर स्केल असते आणि तिच्यावर द्रावण धातूपर्यंत पोहोचत नाही. ती ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पट्ट्यांच्या चकतीने) काढता येते. मात्र डिस्क एकाच जागी दाबून धरल्यास पत्रा तापून तिथे निळसर डाग पडतो आणि तो पुढे पॅटिनातही उमटतो. छोटे तुकडे रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले तर स्केल सैल होऊन घासल्यावर निघते. सीआर पत्र्यावर ही कटकट नसते, फक्त गंजरोधक तेल असते. म्हणून नवीन पत्रा घेणार असाल तर मी सीआरच सुचवीन.

पॉलिशच्या बाबतीत बहुतेकांचा गैरसमज असतो. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर द्रावणाची पकड कमी होते आणि बफिंगच्या (घासून चकाकी आणण्याच्या) मेणाचा अंश राहिला तर काम आणखी बिघडते. ऑर्बिटल सँडरवर (गोल फिरत घासणाऱ्या यंत्रावर) १२०, १८० आणि शेवटी २४० नंबरचा सँडपेपर पुरेसा असतो. पुढच्या नंबरवर जाण्याआधी मागच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले पाहिजेत. सरळ रेषांचे टेक्स्चर हवे असल्यास शेवटचा हात स्कॉच-ब्राइटने एकाच दिशेने, पत्र्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता फिरवावा. वेल्डिंगचा सांधा कितीही सपाट केला, तरी तिथला रंग थोडा वेगळा येण्याची शक्यता राहते, म्हणून सांधा शक्यतो मागच्या बाजूला घ्यावा.

आपल्या बाबतीत खरी गडबड बहुधा थिनरने पुसताना झाली असावी, कारण स्वस्त किंवा पुन्हा वापरलेले थिनर स्वतःच तेलकट थर मागे ठेवते. ॲसिटोनने पुसताना कापड वारंवार बदलावे, नंतर पत्रा साबणाच्या पाण्याने धुवून भरपूर साध्या पाण्याने खळखळून काढावा आणि त्यावर स्वच्छ पाणी ओतून पाहावे. पाण्याचा सलग पडदा टिकला तर पत्रा स्वच्छ आहे. पाणी फाटून थेंब झाले तर तेल बाकी आहे. साबणाचा अंश राहिल्यास पाणी उगाचच पसरते आणि ही चाचणी फसवते.

यानंतर उघड्या हाताने पत्र्याला स्पर्श करू नये आणि द्रावण लगेच लावावे, कारण पावसाळी दमट हवेत उघड्या पोलादावर थोड्याच वेळात पिवळसर गंज धरतो. या द्रावणांत बहुधा सेलेनियमचे विषारी संयुग असते. त्यामुळे हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच, आणि धुण्याचे पाणी बागेत ओतू नये.