एमएस्सी गणित करतोय. इन्फर्मेशन थिअरी कुठून सुरू करू, आणि पुढे नोकरीला उपयोग होईल का? विभागात म्हणतात, हा इंजिनिअरिंगचा विषय आहे.

मुंबईतल्या गणितवाल्यांकडून हे वाक्य इतकं ऐकलंय की आधी त्याचाच समाचार घेतो. बर्नुली शिफ्ट म्हणजे स्वतंत्र फेकींची अनंत मालिका एकेक घर सरकवणं. दोन समान शक्यतांचा बर्नुली शिफ्ट आणि तीन समान शक्यतांचा बर्नुली शिफ्ट एकरूप आहेत का, हा प्रश्न अडून बसला होता, कारण दोघांचा स्पेक्ट्रम, म्हणजे तोवरची ओळखण्याची खूण, सारखाच. १९५८ साली गणितज्ञ कोल्मोगोरोवने इन्फर्मेशन थिअरीचा जनक शॅनन याची एन्ट्रॉपी, म्हणजे अनिश्चिततेचं बिटांमधलं माप, एर्गोडिक थिअरीत (प्रणालींच्या दीर्घकालीन वागणुकीच्या गणितात) आणली. एकाची १ बिट, दुसऱ्याची १.५८५, म्हणजे एकरूप नाहीत. १९७० मध्ये ऑर्नस्टीनने उलट दिशाही सिद्ध केली: एन्ट्रॉपी सारखी असेल तर बर्नुली शिफ्ट एकरूपच. हे शुद्ध गणित आहे, विभागाने मान्य करो वा न करो.

सुरुवातीला मेजर थिअरी (measure theory, मापाचं गणित) संपायची वाट पाहू नका. सान्त संचावरची संभाव्यता, जेन्सनची असमानता आणि वीक लॉ ऑफ लार्ज नंबर्स एवढ्यावर शॅननची १९४८ची दोन्ही मुख्य प्रमेयं (माहिती किती आखडता येते आणि सदोष वाहिनीतून किती पाठवता येते) उभी राहतात. कव्हर-थॉमसच्या पाठ्यपुस्तकाची दुसरी आवृत्ती घ्या, पहिली पाच प्रकरणं करा, सहावं सोडून सातवं.

बहुतेक जण तिसऱ्या प्रकरणात अडकतात. तिथे 'टिपिकल' मालिका येतात, म्हणजे ज्यांत चिन्हांचं प्रमाण अपेक्षेइतकं असतं अशा; पण 'टिपिकल' म्हणजे सर्वांत संभाव्य, असं डोक्यात बसतं, आणि मग पुढची एकही सिद्धता पटत नाही. म्हणून हे हाताने करा. १ येण्याची संभाव्यता ०.१, शून्याची ०.९, चिन्हं शंभर. सर्वांत संभाव्य एकटी मालिका म्हणजे शंभरही शून्यं, संभाव्यता सुमारे ०.००००२७. नेमके दहा १ असलेली कुठलीही एक मालिका घ्या, ती याहून ९ च्या दहाव्या घाताइतकी, म्हणजे जवळपास ३४९ कोटी पटींनी दुर्मीळ. पण अशा मालिका १७ लाख कोटींच्या वर आहेत, त्यामुळे सगळ्यांची मिळून संभाव्यता १३ टक्के भरते. वजन संख्येत आहे. म्हणूनच लांब मालिकेत दर चिन्हामागे १ बिटाऐवजी ०.४६९ बिट पुरतात.

दुसरा खड्डा म्हणजे एन्ट्रॉपी दाखवणाऱ्या वर्तुळांच्या (व्हेन) आकृत्या. दोन स्वतंत्र निःपक्षपाती बिट घ्या, तिसरा त्यांचा एक्सॉर (दोन्ही वेगळे असतील तर १, नाहीतर ०). पहिल्या दोघांची परस्पर माहिती, म्हणजे एकावरून दुसऱ्याबद्दल जेवढं कळतं ती, शून्य, पण तिसरा कळला की ती १ बिट होते. मधला तिहेरी भाग उणे एक येतो, तो क्षेत्रफळ कसा असेल? आकृती दोन चलांपुरतीच वापरा.

सलग (continuous) चलांची एन्ट्रॉपी शेवटी ठेवा. शून्य ते अर्धा या अंतरावरच्या समान वितरणाची एन्ट्रॉपी उणे १ बिट येते, आणि एकक बदललं की आकडा बदलतो. तिथे परस्पर माहितीवरच भिस्त ठेवा.

मेजर थिअरी नको म्हटलं ते स्वतंत्र चिन्हं आणि सान्त अक्षरमालेपुरतं. चिन्हं एकमेकांवर अवलंबून असू शकणाऱ्या एर्गोडिक स्रोतांसाठी शॅनन-मॅकमिलन-ब्रायमन प्रमेय करायचं तर ती लागेलच.

नोकरीचं म्हणाल तर नुसत्या या विषयावर मिळणं कठीण. सोबत कोड लिहिता यायला हवा. पवईला आयआयटीच्या इलेक्ट्रिकल विभागात हा विषय शिकवतात, कुलाब्याला टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) मध्ये त्यावर संशोधन चालतं. वर्गात बसू द्याल का, असं प्राध्यापकांना मेलवर विचारा, आणि मेलला स्वतः सोडवलेली दोन-तीन उदाहरणं जोडा.